गॅलरीला काच नको

घाटकोपर,
१२ जानेवारी १९८६

ती. दादास,
वनमालाचा सा. नमस्कार, वि. वि.

"खिडकी उघडली की सूत तुटतं, म्हणून बंद ठेवायची. माणूस तुटला तर दुसरा मिळतो."

हे वाक्य तुझं आहे, दादा. तुला आठवत नसेल. तू नुकता गिरणीत लागला होतास आणि मी फ्रॉक घालत होते. पाळी संपवून आलास तेव्हा केसांत, भुवयांत कापूस होता. आई म्हणाली, लवूला एका रात्रीत म्हातारपण आलं. बाबांनी विचारलं, आत एवढं कोंडतं तर खिडक्या का उघडत नाहीत? तेव्हा हातातला घास तसाच धरून तू हे बोललास आणि मग खाली मान घालून जेवलास.

गेल्या सोमवारी साकीनाक्याच्या कारखान्यात मला ते जसंच्या तसं आठवलं. बाहुल्यांच्या ओल्या रंगावर रस्त्याची धूळ बसते म्हणून मालकाने सगळ्या खिडक्यांना खिळे ठोकून घेतले. रेझिनचा वास किती उग्र असतो ते तुला लिहून कळणार नाही. दुपारी सेराफिनाला श्वासच घेता येईना. ही गोराईची, इतकी वर्षं माझ्या शेजारच्या पाटावर बसणारी, माझ्या डब्यातली सोलकढी हक्काने पिणारी. तिला धरून जिन्यात नेऊन बसवलं. मालक बाहेर आला आणि त्याने मला विचारलं की ही पुन्हा कामाला कधी बसेल. मी डबा उचलला, तिला रिक्षात घातलं आणि घरी आले. परत गेले नाही, जाणारही नाही.

तू रागावण्याआधी पुढचं वाच. काम मी सोडलेलं नाही, जागा सोडली आहे. रुखवतात मांडायच्या बाहुल्या दादरचा एक दुकानदार माझ्याकडून थेट घेणार आहे. आपल्या गॅलरीत टेबल मांडलं आहे. समोर मैदान असल्यामुळे वारा दिवसभर येतो. प्लास्टरचा डबा झाकणाचा. झाडू तिथे चालत नाही, धूळ उडते, म्हणून ओल्या फडक्याने पुसते. कामाच्या वाट्या-चमच्यांना तांबडा रंग फासला आहे, म्हणजे बाळा घाईत त्यात चहा ओतून घेणार नाही. तुझा लेक काहीही करू शकतो. स्टोव्ह स्वयंपाकघरात, आणि मधलं दार लावल्याशिवाय मी रेझिनचं झाकण उघडत नाही. रेझिन घट्ट करायला दोन औषधं लागतात, ती एकमेकांत थेट पडली तर भडका उडतो. म्हणून एक गॅलरीतल्या पत्र्याच्या पेटीत, दुसरं पार दुसऱ्या टोकाला. वहिनीला सांग, नणंद-भावजयीची सोय केली आहे.

तुझा खोकला कसा आहे ते तू कधीच लिहीत नाहीस. या वेळी लिही. लोभ आहेच, रागाने तो आटवू नकोस.

तुझी,
वनमाला

•

कासार्डे,
३ फेब्रुवारी १९८६

चि. वनमाला हिस,
लवूचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू लिहिलंस ते वाचलं आणि तू लिहिलं नाहीस ते शेजारच्या धोंडूकडून ऐकलं. तो मुंबईहून परवाच आला. मोरीत प्लास्टर धुतलंस, ते पाइपात जाऊन दगड झालं आणि खालच्या मालनबाईंच्या घरात सगळं पाणी उलटलं, हे तुझ्या वाट्या-चमच्यांच्या रंगात राहून गेलं वाटतं. बाबा त्या बिल्डिंगीत मान वर करून राहिले. मला तिथे कोणासमोर मान खाली घालायला लावू नकोस.

आता आनंदाची बातमी. बाळाचं ठरलं. मुलगी बोरिवलीची, नाव अनुपमा. लग्न वैशाखात, इथे गावीच. म्हणजे नवरा-बायकोला खोली लागणार. मी बराच विचार केला. गॅलरी बंद करून घेऊ. खाली पत्रा, वर काच, आत एक खाट. ती तुझी. लहानपणी तू आईच्या पायाशी झोपलीस, मग बाबांच्या आजारपणात त्यांच्या खाटेखाली. तुला स्वतःची खोली अशी कधी मिळालीच नाही. ती तुला मी देणार आहे. अंधेरीच्या मिस्त्रीला बाळाने माप दिलं आहे.

बाहुल्यांचं बघू. पोटमाळ्यावर जागा आहे.

माझी तब्येत ठणठणीत. काळजी नसावी.

तुझा,
दादा

ता. क. पोस्टाचं तिकीट आणायला हे गेलेत तेवढ्यात लिहिते. ठणठणीत काही नाही, खोकला वाढलाय. तुला कळवू नको म्हणाले म्हणून कळवते. बाटल्या लांब ठेवल्यास ते बरं केलंस गे वने, पण त्यातली भडकणारी मी की तू, ते लिही. — सुगंधा

•

घाटकोपर,
११ फेब्रुवारी १९८६

ती. दादास व ती. सौ. वहिनीस,
सा. नमस्कार, वि. वि.

बाळाच्या लग्नाचं वाचून डोळे भरून आले. मग पुढचं वाचलं आणि कोरडे झाले.

आधी मोरी. हो, चूक माझीच. कारखान्यात धुण्याचं पाणी बाहेर गटारात जायचं, तिथे कधी विचार करावा लागला नाही. घरात पहिल्याच आठवड्यात प्लास्टरचं भांडं मोरीत धुतलं आणि वाट लागली. मालनबाई वर आल्या आणि म्हणाल्या की मोरी उलटलेली त्यांनी पुष्कळदा पाहिली, पण दुधासारखी पांढरी पहिल्यांदाच. पाइपातला तो दगड प्लंबरबरोबर बसून मी स्वतः छिनीने फोडून काढला आणि मालनबाईंची लादी मीच घासली. तुला लिहिलं नाही, कारण तू असंच पत्र पाठवशील हे माहीत होतं. आता दोन बादल्या आहेत. पहिलीत भांडी धुते, रात्रभर ती हलवत नाही. सकाळी गाळ खाली बसतो. वरचं पाणी दुसरीत काढून पुन्हा वापरते, गाळाची वडी कचऱ्यात टाकते. मोरीत थेंब जात नाही. मालनबाई रोज येऊन बघून जातात, वर चहाही पितात.

आता गॅलरी. दादा, ती बंद होणार नाही.

खोली बाळाला आणि अनुपमाला दे. मी स्वयंपाकघरात ओट्याखाली अंथरूण घालीन, मला तिथे छान झोप लागते. पोटमाळ्यावर माझे कपडे जाऊ देत. माझी खाट, कपाट, आरसा, सगळं घ्या. गॅलरी तेवढी उघडी राहू दे. तोंडाला फडकं बांधलं की प्लास्टरची धूळ अडते, रेझिनचा वास अडत नाही. त्याला एकच औषध, वारा. काच लावलीस तर तू मला खोली देत नाहीस, साकीनाक्याचा कारखाना घरी आणून देतोस.

रविवारी अनुपमा आईबरोबर घर बघायला आली होती. हा वास कसला, म्हणून विचारलंन. बाळा मध्येच अगरबत्तीचा म्हणायला लागला, त्याला मी गप्प केलं. तिला सरळ सांगितलं की हा रेझिनचा, आणि तुम्ही दोघं कामावर गेल्याशिवाय मी ते उघडणार नाही. घरात बाळंतपणाची चाहूल लागली की रेझिन घरातूनच जाईल, मग नुसतं प्लास्टर आणि कापड. तिची आई पंख्याकडे बघत राहिली. पोरीने मात्र एक बाहुली उचलली, उलटी केली आणि आत पोकळ का ते विचारलं. मुलगी मला आवडली.

वहिनी, भडकणारी मीच. तू ती दुसरी, जिच्यामुळे भडका उडतो.

राग असू दे, पण लोभ त्याच्या वरच्या पायरीवर असू दे.

तुमची,
वनमाला

•

कासार्डे,
२४ फेब्रुवारी १९८६

चि. वनमाला हिस,
आशीर्वाद.

सख्खी बहीण ओट्याखाली झोपते आणि भावाचा मुलगा खोलीत, असं लोक बोलतील ते मी ऐकणार नाही. अनुपमाच्या आईनेही विचारलं आहे की आत्याबाई हेच काम करणार का.

बाबांच्या मागे घर माझ्या नावावर झालं आहे. हे मला लिहायला लावलंस.

गिरणीच्या खिडक्यांचं मी काही बोललो असं मला आठवत नाही. बोललो असेन तर लहान होतो.

येत्या शनिवारी मिस्त्री काच घेऊन येईल. दार उघड.

दादा

•

कासार्डे,
२५ फेब्रुवारी १९८६

प्रिय वने,
आशीर्वाद.

काल यांनी पत्र टाकलं ते मला दाखवलं नाही, म्हणजे कसं असेल ते कळलं. धोंडूच्या सुनेकडून हे लिहून घेत नाही, माझ्याच वाकड्या अक्षरात लिहिते, कारण कोणाला सांगण्यासारखं नाही.

तुझा भाऊ घरात झोपत नाही. संप फिसकटून गिरणी सुटली, आम्ही गावी आलो, तेव्हापासून. थंडीत सुद्धा खळ्यात खाट. दार लोटलं तरी उठून उघडतात. पहिल्या पावसाळ्यात मी पडवीला माडाची झापं लावली, तर सकाळी बघते तो सगळी काढून ठेवलेली आणि हे भिजत बसलेले. विचारलं तर म्हणाले, आत घुसमटतं. तुझं पहिलं पत्र मीच मोठ्याने वाचलं. खिडकीच्या त्या वाक्यापाशी मी आले तेव्हा हे उठून गोठ्यात गेले. आठवत नाही म्हणतात, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

मग तुला काचेत का कोंडतात, असं तू म्हणशील. मी विचारलं. त्यांच्या मते मुंबईत चार भिंती म्हणजे इज्जत. बाबांनी तुझ्यासाठी काही केलं नाही, आपण तरी करावं, हे त्यांच्या मनात फार आहे. माणूस वाईट नाही गे. नुसता हट्टी. तुम्हा दोघांना एकाच साच्यात ओतलंय.

मी लिहिलं हे सांगू नको. आणि ओट्याखाली झोपू नकोस, तिथे झुरळं आहेत, मी झोपलेय.

माया आहे ती तशीच आहे.

तुझी,
सुगंधा वहिनी

•

घाटकोपर,
९ मार्च १९८६

ती. दादास,
सा. नमस्कार, वि. वि.

तू दार उघड म्हणालास, मी उघडलं. मिस्त्री काच, पत्रा आणि पट्ट्या घेऊन आला. भला माणूस, त्याचा काही दोष नाही. पत्रा आणि पट्ट्या मी त्याच्याबरोबर परत पाठवल्या. काच ठेवून घेतली. ती टेबलावर आडवी घातली आहे. एक टोक मिस्त्रीने धरलं, दुसरं बाळाने. होय, तुझ्या बाळाने. मी त्याला हाक मारली नव्हती. ठेवून झाल्यावर म्हणाला, आत्या, झकास बसली, आता बाबांना तूच कळव.

तर कळवते. प्लास्टर काचेला चिकटत नाही. ओल्या फडक्याच्या एका हाताने ती लख्ख होते, लाकडाच्या फटींत धूळ जाऊन बसायची ती आता बसत नाही. कडा हाताला लागू नयेत म्हणून त्यांवर रबराची पट्टी लावली आहे. इतक्या वर्षांत कारखान्याने मला असं टेबल दिलं नाही. ते तू दिलंस. खोली द्यायची होतीस ना, ती हीच, आणि मी ती घेतली.

घर तुझ्या नावावर आहे. ते मी विसरले नव्हते, तुला लिहायची गरज नव्हती. मला बाहेर काढायचं असेल तर त्या नावाने काढ. पण मी या घरात आहे तोवर गॅलरी उघडी राहील. लोकांचं म्हणशील तर त्यांना सांग की बहीण ऐकत नाही. त्यात खोटं काही नाही, आणि तुझी मान खाली जायचं कारणही नाही.

अनुपमाच्या आईला मी स्वतः जाऊन भेटले. त्यांचं म्हणणं, नव्या सुनेच्या घरात कसली कसली औषधं नकोत. मी पेटीची किल्ली त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, ही तुमच्या लेकीकडे राहू दे. ती देईल त्या दिवशी मी ओतीन. अनुपमाने किल्ली उचलून आपल्या पर्समध्ये टाकली. लग्नाआधीच माझी सासू झाली म्हण.

सेराफिना आता आठवड्यातून दोनदा गोराईहून येते. ओतकामाच्या दिवशी तिला मी येऊ देत नाही. ती नुसते डोळे रंगवते. कठड्याला लागून बसते, अगदी वाऱ्यात, आणि मला शिव्या घालते की केसांत गाठी होतात. हात अजून कापत नाही तिचा. धाप लागली तर थांबते. इथे ती कधी बसेल असं विचारणारं कोणी नाही.

आता एक मागणं. गिरणी सुटली तेव्हा तू मुंबईचं पाणी पिणार नाही अशी शपथ घेतलीस, हे मला माहीत आहे. बाबांच्या वर्षश्राद्धालाही आला नाहीस. लग्न गावी ठेवलंस तेही त्यासाठीच. तरी लिहिते. लग्नाचं आटोपलं की वहिनीला घेऊन इकडे ये. डोळे रंगवायला आणखी एक माणूस लागणार आहे, आणि तुटलेलं सूत तू चिमटीत सांधायचास ते मी पाहिलं आहे. तू असशील तोवर पेटीला कुलूप. टेबलाशेजारी, कठड्याखाली एक चटई मावते. मी मापून बघितली, तुझ्या मापाने. तिथे झोपलास तर रात्रभर मैदानावरून वारा येतो आणि मधे काही नाही.

तू नाही म्हणशील. शपथ पुढे करशील, नाहीतर भाताचं रोप, नाहीतर गुरं. हवं तर काच परत मागायला आलास असं सांग लोकांना. पण ये.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढा मला पुरतो, तो वाढव असं या खेपेस लिहीत नाही. तू ये, एवढंच लिहिते.

तुझी,
वने