पिवळ्या पानांचा आळ

१४ एप्रिल १९८६, सोमवार

बेल पिवळा पडलाय! पूजेसाठी पानं काढायला गच्चीवर गेले, तर खालच्या फांद्यांना हळद फासल्यासारखी. मोगऱ्याचं तेच, जास्वंदीचंही तेच. झाडं लावलेले तेलाचे सात डबे आहेत, सगळे सासूबाईंनी स्वतःच्या हातानं भरलेले. शेणखत, कुजलेला पाला, पेंड, राख... त्यांच्या मातीचं गल्लीत नाव होतं. शेवटच्या आजारपणात गोळी घेतली का ते विसरायच्या, पण डब्यांना पाणी घातलं का ते रोज विचारायच्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

नळाला आठ दिवसांनी पाणी येतंय. तरी मी हौदातल्या दोन बादल्या रोज झाडांसाठी काढून ठेवते. यांना पटत नाही. "माणसं टँकरमागं पळून राहिलीत आन तू झाडायला पाणी घाल!" मी ऐकून न ऐकल्यासारखं करते. संध्याकाळी तुळजाबाई भांडी आटोपून त्या बादल्या वर नेते.

मग पानं पिवळी का?

१६ एप्रिल

मामंजी सकाळच्या गाडीनं उदगीरला गेले, वन्संकडे. महिना-दीड महिना राहतील. म्हणजे त्यांना तरी ही झाडं दिसायची नाहीत.

डब्यांतली माती हातानं चाचपून बघितली. कोरडी ठाक! भेगा पडल्यात. पाणी पडतच नाही म्हणायचं.

१८ एप्रिल

शेजारची तारामती आज भिंतीवरून बोलली. तिचा नवरा नव्या जिल्हा कचेरीत कारकून. जिल्हा झाल्यावर बदलून आलेली माणसं. आधी म्हणाली, "जिल्हा झाला म्हणून भाडी वाढली, पाणी मात्र तालुक्याचंच!" मग आवाज बारीक केला — "तुमची तुळजाबाई जाताना पदराखाली कळशी असते हो. चालीवरून भरलेली वाटते."

नऊ वर्षं कामाला आहे ती. कधी चमचा इकडचा तिकडं झाला नाही.

पण माती कोरडी आहे, हेही खरंच ना?

१९ एप्रिल

आज बोलले. घरात बोलायचं, ते ओट्यावर उभं राहून बोलले. समोर टँकरची रांग, सगळ्या बायका घागरी घेऊन उभ्या.

तुळजाबाई म्हणाली, "झाडायलाच घातलं बाई. लेकराची आन."

"मग कळशी कशाला नेतेस?"

"वाटंत कुटं हापसा चालू दिसला तर भरावी म्हून. रिकामीच असती."

"मग पानं कामून पिवळी पडली? सांग!"

"पानाचं मला काय ठावं?"

मी म्हटलं, "पाणीचोर!" शब्द तोंडातून गेला. रांगेतली कुणी तरी हसली. तुळजाबाईनं हातातली राखेची वाटी कट्ट्यावर ठेवली, हात पदराला पुसले आणि निघून गेली. मागं वळून बघितलं नाही.

बरोबरच केलं मी. आणखी किती दिवस खपवून घ्यायचं?

२० एप्रिल

आज पाणी मीच वर नेलं. तीन बादल्या. दंड भरून आलेत.

२८ एप्रिल

आता तर आपण स्वतः घालतोय ना पाणी? तरी पानं पिवळीच! बेलाची तर हात लावला की गळतात. तारामती म्हणाली, "खत कमी पडलं असेल." ओंजळभर शेणखत घातलं प्रत्येक डब्यात. त्यावर ताक ओतलं. वर आणखी एक बादली.

भांडी मीच घासते. दुसरी बाई मिळत नाही.

७ मे

मोगरा गेला.

१३ मे

बसवराज आला होता. माझा मावसभाऊ, चाकूरच्या बाजूला एका रोपवाटिकेत कामाला आहे. बसवजयंतीच्या मिरवणुकीला आला आणि राहिला. त्याला गच्चीवर नेलं. म्हटलं, "बघ रे, तहानेनं मेली माझी झाडं."

त्यानं एक पिवळं पान ओढलं. देठासकट हातात आलं. बोटांत चोळून बघितलं. म्हणाला, "अक्का, तहानेलं पान असं मऊ नसतं. त्याच्या कडा करपतात, कुरकुरतं. खत कमी पडलं तर जुनी पानं पिवळी पडतात, पण झाड ताठ असतं. हे समदं झाडच लुळं पडलंय."

मग तर्जनी मातीत खुपसली, मुळापर्यंत. बाहेर काढली तर काळा चिखल! वरचा दोन बोटं थर तेवढा उन्हानं वाळलेला. मी बघत होते ती तेवढीच माती.

मोगऱ्याचा डबा त्यानं आडवा केला. काय तो वास! मुळं काळी, बुळबुळीत, ओढली की साल हातात. डब्याची भोकं गाळानं बुजलेली. "माती लई चांगली हाय, तेच वाईट झालं. इतकं मुरलेलं खत पाणी धरून बसतं, सोडतच न्हाई. तुझ्या सासूबाईनं भरलं तवा त्यात वाळू असंल, ती खाली गेली. आता निस्ता गाळ. मुळाला हवाच न्हाई."

मी म्हटलं, "माझंच चुकलं. गेले तीन आठवडे मी जरा जास्तच—"

"तीन आठवड्यांचं न्हाई हे अक्का. हे दीड-दोन महिन्यांचं कुजणं हाय. फाल्गुनापासून इथं रोज भरपूर पाणी पडून राहिलंय."

फाल्गुनात पाणी कोण घालत होतं?

मी जिना उतरले. कशी उतरले, आठवत नाही.

१४ मे

तिनं पाणी घातलं होतं. रोज घातलं होतं. मी सांगितलं तितकं, इमानानं! मी जो पुरावा म्हणून तिच्या तोंडावर फेकला, तोच तिचा पुरावा होता. एक बोट मातीत घालायचं होतं फक्त. मातीत बोट घातलं नाही, तिच्याकडं मात्र बोट दाखवलं.

जेवताना यांना सांगितलं. म्हणाले, "गेली ती गेली. दुसरी बघ. आता उकरत बसू नको." आणि भाकरी मोडली. मला घास उतरला नाही.

बसवराजनं उरलेली सहा झाडं काढून कुजकी मुळं छाटली, वाळू आणि विटांचा चुरा मिसळून परत लावली. "आठ दिवस पानी बंद," म्हणाला. सहज हात धुताना विचारलं, "बाई दिसत न्हाई तुमची?"

मी म्हटलं, गावाला गेलीय.

आणखी एक खोटं.

१६ मे

तिच्या वस्तीत गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा! घर कुठलं, तेही विचारत जावं लागलं. दाराला कडी. शेजारच्या नागाबाईनं मला खालवर बघितलं.

"तुमीच का त्या, झाडवाल्या?"

मी हो म्हटलं.

"सहा घरं हुती तिच्या हाताला. समद्यांनी काढलं. पानीचोर म्हनून. आता रोजगार हमीवर जाती, चाकूर रोडला. माती वाहायला. आन घरात लेक बाळंतीण. भोकरवरून आली हुती बाळंतपणाला, फाल्गुनात झाली. आमचा हापसा तवापासून बंद. बाळंतिणीला धुवायला पानी न्हाई, बगा."

नऊ वर्षं. लेक बाळंतीण आहे हेही मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. विचारलं ते फक्त, "डबे भरले का?"

१८ मे

बसवराजला खरं काय ते सांगून त्याच्यासोबत चाकूर रोडला गेले. पाझर तलावाचं काम. शेदीडशे माणसं, ऊन असं की डोळे उघडवेनात. तुळजाबाई टोपलं डोक्यावर घेऊन चढण चढत होती. मला बघितलं, टोपलं रिकामं करून आली. काळवंडलीय. बारीक झालीय.

मी म्हटलं, "चुकलं माझं. झाडं पाण्यानं कुजली. तू पाणी घातलंस ते मला कळलं. कामावर परत ये."

तिनं टोपलं खाली ठेवलं. मातीकडं बघत राहिली. वाटलं, रडेल. पण नाही. म्हणाली, "मला एकटीला सांगून काय हुतंय बाई? चोर म्हनलात ते गल्लीत. हितं माळावर कोन हाय ऐकाया?"

मुकादमानं हाक मारली. ती गेली.

खरंच होतं तिचं. माळावर माफी मागणं सोपं.

१९ मे

जमलं नाही. टँकर आला, रांग लागली, मी दाराआड उभी. शरणप्पा वाण्याची बायको होती, तारामती होती. यांचं नाव, दुकानाचं नाव — सगळं डोळ्यांसमोर आलं. टँकर गेला.

लाज वाटते लिहायला.

२१ मे

आज सांगितलं.

ओट्यावर उभी राहिले, तिथंच. म्हटलं, "अहो, ऐका जरा. तुळजाबाईनं माझं पाणी नेलं नाही. मी खोटा आळ घेतला. झाडं जास्त पाण्यानं गेली. तिला तुमच्या घरून माझ्यामुळं काढलं, तर परत बोलवा."

घागरी वाजायच्या थांबल्या. तारामती दुसरीकडं बघायला लागली. एक म्हातारी म्हणाली, "आता सांगती व्हय?" तेवढंच. मग टँकरची नळी सुटली आणि सगळ्या तिकडं पळाल्या.

हे दुकानातून आले ते तोंड फिरवूनच. "बाईमाणसानं चव्हाट्यावर उभं राहून... नाक कापलंस." मी ताट वाढून घेतलं. महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवले.

२६ मे

तुळजाबाई आली! पदर खोचला आणि भांड्यांना बसली. दोन जुन्या घरांनीही परत बोलावलंय तिला. जाताना गच्चीवर गेली. बेलाजवळ जरा उभी राहिली. म्हणाली, "वरती हिरवं फुटलंय बगा, बारीक."

मी नातवाचं नाव विचारलं. नात आहे. अजून नाव ठेवलं नाही.

१ जून

मामंजी परतले. चहा घेताना झाडांची सगळी कथा सांगितली, तर कपाळाला हात लावला. "अगं, मीच की! फाल्गुनापासून रोज पहाटं माझी अंघोळीची बादली झाडांना घालत हुतो. ओल्या पंच्यानं अंग पुसायचो. तुमी बोलाल म्हून सांगितलं न्हाई. कमलीची झाडं, ती गेली म्हून तहानेली कशी ठिवावी?"

म्हणजे चिखल त्यांच्या बादलीचा. तुळजाबाईच्या दोन बादल्या वर गेल्या की नाही, हे आता कधीच कळायचं नाही. क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला लिहू! मी अगदीच चुकले नव्हते तर! मग स्वतःचीच शिसारी आली.

न्हाणीत तुळजाबाईचा भांडी घासायचा आवाज थांबला होता. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

मी उठले नाही. विचारलं नाही. विचारणारही नाही. नेलं असेल तर बाळंतिणीच्या पोटात गेलं. बरं झालं, तेवढं तरी डब्यांत कुजलं नाही.