कुलूपबंद खोलीची बातमी

४ नोव्हेंबर

ती. आत्यास भिंगरीचा उड्या मारत सा. न. वि. वि.

तुझं वर्तमानपत्राचं ऑफिस पाहिल्यापासून माझे पाय जमिनीवर नाहीत! फोन खांद्यात धरून टाइप करणारे ते वार्ताहर, लोकांची वाक्यं कचाकच कापणारी तू! मीही वार्ताहर होणार. बाबा म्हणाले, आधी गणिताचा पेपर लिही.

सोबत माझी पहिली बातमी. वाचनालयातली मुलांची खोली पंधरा दिवस कुलूपबंद आहे. ग्रंथपालकाकांना मुलं नकोशी झालीत म्हणून! सगळी मुलं हेच म्हणतात. मुलांच्या पानावर छापशील ना?

लोभ आहेच, तो छापील होऊ दे.
तुझी भाची

९ नोव्हेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

सुरुवात झकास! पण छापणार नाही. रुसू नकोस. काकांना विचारलंस का? ज्याच्यावर ठपका ठेवायचा, त्याचं म्हणणं आधी ऐकायचं. नवी असताना मी ऐकीव गोष्टींवरून एका शिक्षिकेबद्दल लिहिलं. आम्ही माफी छापली, तोवर त्या नोकरी सोडून गेल्या होत्या. ते अजून सलतं.

वही घेऊन जा. छातीत धडधडेल, माझ्या अजून धडधडतं.

तुझ्या दुसऱ्या कागदाची वाट पाहणारी,
आत्या

२४ नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न.

छापून आली! बाबांनी चार अंक आणले!

घाईत तुला नुसती बातमीच पाठवली होती, आता सगळं सांगते. मी दारातून तीनदा परत फिरले. मग एका दमात काकांना विचारलं, की तुम्हाला मुलं आवडत नाहीत का. ते किल्ली घेऊन उठले. आत्या, गच्चीवरची टाकी गळून त्या खोलीचं छत फुगलंय! कधी कोसळेल सांगता येत नाही. ओली पुस्तकं ते रोज एकटेच पंख्याखाली वाळवतात. दुरुस्तीसाठी नगरपालिकेकडे तीन अर्ज केले, उत्तर नाही. मुलं काय बोलतात तेही त्यांच्या कानावर होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बातमी आली आणि दुसऱ्याच दिवशी गवंडी हजर! काकांनी अंक उभ्यानंच वाचला. पुन्हा वाचला. मग स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि एक ओलं पुस्तक हातात दिलं. आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत पानं सुटी करत होतो.

उद्या पुस्तकं वाळवायला अकरा मुलं येणार आहेत. माया असू दे.
तुझी वार्ताहर