उलटं बसवलेलं इंजिन

अण्णा, तुम्ही मला दिलेल्या पान्याने काल स्वयंपाकघरातला नळ घट्ट केला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो पाना हातात आला की तुमचा आवाज येतोच, "घाई कुठे आहे? आधी बघ, मग पीळ." मग बागबाजारचं आपलं भाड्याचं घर आठवतं, आणि अंगणात विटांवर चढवलेली ती गाडी. त्या गाडीबद्दलची एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे.

खिदिरपूरच्या गोदीत माल तपासताना पेटी पायावर पडली आणि तुमचा उजवा गुडघा कायमचा ताठ झाला. मोटारसायकल सुटली. ऑफिसातले एक सहकारी तिचं इंजिन मागायला दोनदा घरी आले. तुम्ही त्यांना चहा पाजलात आणि सांगितलंत, "दसऱ्यापर्यंत थांबा. तोवर ते माझ्या गाडीत चाललं नाही, तर तुमचं." कुठली गाडी, असं आईने विचारलं तेव्हा तुम्ही फरशीवर खडूने काढून दाखवलीत. दोन माणसांची, बुटकी, निमुळत्या नाकाची, शर्यतीत धावते तशी. मोटारसायकलचा क्लच हाताने दाबायचा असतो, त्यामुळे ताठ पाय आड येणार नव्हता, आणि ब्रेकला डावा पाय पुरेसा होता. पण एवढ्याशा इंजिनाला ओझं ओढवणार नाही, म्हणून सांगाडा बारीक कोनपट्ट्यांचा, वर अॅल्युमिनियमचा पत्रा, आणि बसायला पाय कापलेल्या वेताच्या खुर्च्या. "अहो, बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या त्या!" आई म्हणाली. "हलक्या आहेत," तुम्ही म्हणालात, आणि करवत उचललीत.

इंजिन खुर्च्यांच्या मागे बसायचं होतं. त्याची धुराची नळी पुढच्या बाजूला, म्हणजे नेमकी आपल्या पाठीशी येत होती. वेत जळून गेला असता. मी तेव्हा कॉलेजात फिजिक्स शिकत होते आणि शहाणपण नुसतं उतू चाललं होतं. म्हटलं, "अण्णा, इंजिनाचं तोंड मागे करून बसवू या. नळी सरळ मागे निघेल." तुम्ही बराच वेळ बघत राहिलात, मग पाठ थोपटलीत. हा पाना दुसऱ्या दिवशी मिळाला. इतकी फुशारले होते मी, की तो उशाशी घेऊन झोपले.

शेजारचे बंगाली काकाबाबू म्हणाले, विश्वकर्मापूजेला नवं यंत्र पुजा. तुम्हाला ते पटलं. पूजेआधी मात्र इंजिन सुरू करायचं नाही, हा तुमचा हट्ट. त्या दिवशी, तिथल्या रिवाजाप्रमाणे, वर आभाळभर पतंग आहेत, खाली सगळी गल्ली जमली आहे. पदर खोचून मी किक मारते. तिसऱ्या किकेला इंजिन पेटतं, तुम्ही गियर टाकून क्लच सोडता, आणि गाडी मागे मागे जात काकाबाबूंच्या ओट्याला टेकते. "ओ मोशाय, गाडी तो उल्टो चोल्छे!" कुणीतरी ओरडलं आणि गल्ली हसून लोळली. आपण दसऱ्याला वाहन पुजतो आणि लगेच फिरवून आणतो. त्यांच्याकडे विश्वकर्म्याच्या दिवशी यंत्राला सुट्टी असते, हे आपल्याला कुठे ठाऊक! काकाबाबू हिंदीत म्हणाले, "आज उस को आराम देना था. आप काम करा लिया, तो गुस्सा हो गया."

कारण अर्थातच वेगळं होतं. इंजिनाचं तोंड फिरवलं की ते साखळीही उलटीच ओढणार. तुम्ही काठी टेकत उतरलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "चूक माझी. इंजिन मी उलटं बसवलं." माझ्याकडे पाहिलंतसुद्धा नाही. आणि त्याच दुपारी करवत काढलीत. "चार पट्ट्या तर कापायच्या आहेत." गोदीतून आल्यावर रोज तेच. हाताला फोड आले, त्यावर चिंधी बांधून कापत राहिलात. इंजिन पुन्हा सरळ केलंत, नळी खालून वळवलीत, खुर्च्यांमागे जाड पत्रा ठोकलात. दसऱ्याच्या सकाळी आईने झेंडूची माळ घातली, आपटा न मिळाल्याने कांचनाची पानं वाहिली, आणि गाडी पुढे गेली. थेट डमडमपर्यंत! तुम्ही ओरडून काहीतरी सांगत होतात, आवाजात मला अक्षरही ऐकू येत नव्हतं, आणि मी रडत होते. इंजिन मागणाऱ्या सहकाऱ्यांच्या हातावर तुम्ही संध्याकाळी कांचनाचं पान ठेवलंत.

आता ती गोष्ट. हे पत्र पान्याबरोबर ड्रॉवरमध्येच राहणार आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही. विश्वकर्मापूजेच्या आदल्या दुपारी तुम्ही कामावर होतात. मी गियर टाकून किक हाताने दाबून पाहिली. विटांवरचं मागचं चाक उलटं फिरलं. मला तेव्हाच सगळं कळलं, आणि मी गप्प बसले. लाजेने नाही. वाटलं, हे कळलं तर तुम्ही पुन्हा करवत उचलणार नाही, इंजिन देऊन टाकाल. निदान एक दिवस तरी आनंदात जाऊ दे. तुम्ही खचाल असं वाटलं होतं मला, अण्णा. सगळ्या घरात फक्त मला.