तुझ्या नावाची झाडं

माय, डोणगावच्या वाटेवरच्या आपल्या टेकडीवर यंदा मुसळी उगवली नाही. श्रावणात गवतातून वर येणारे तिचे पांढरे तुरे बघायला मी मुद्दाम मेहकरहून आले, तर तिथं नुसते खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्यात कडुनिंबाचं नाहीतर करंजाचं रोप. पाटीवर तुझं नाव. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि दादाला आता तुझी आठवण जपायची सुचली.

वहिनी पहिलटकरीण होती तेव्हाचं आठवतं. दुधासाठी मुसळी हवी म्हणून तू मला टेकडीवर नेलंस. पानं पिवळी पडलेली. मी अख्खा जुडगा उपटते, खालची बोटांएवढी मुळं ओच्यात टाकते आणि वरचा शेंडा भिरकावते. पाठीत तुझा धपाटा बसतो. "डोकं काऊन फेकलं वं? बोटं आपण घ्याची, डोकं मातीले वापस द्याचं. पुढच्या साली काय गोटे खाशीन?" मग गवतात शोधून तो शेंडा तू परत पुरलास, आणि वर टाचेनं माती दाबलीस.

उन्हाळ्यात जेसीबी फिरला, तेव्हा सगळी मुळं उघडी पडली म्हणे. दुसऱ्याच दिवशी कुण्या व्यापाऱ्याची माणसं पोती घेऊन आली आणि डोक्यासकट वेचून घेऊन गेली. ताकदीची दवा म्हणून विकतात. मी कचेरीत विचारलं, तर खड्ड्यांना परवानगी होती म्हणतात. पोत्यांना कुणाची होती, ते कुणी सांगत नाही. भिंतीवर डोकं आपटल्यासारखं होतं.

दादाशी कडाडून भांडले. तो म्हणाला, "मायच्या नावानं झाडं लावून राह्यलो, तं तुले त्याचंई दुखते काय? गवतच तं होतं तिथं!" वहिनी चुलीपाशी होती. तिनं मान वर केली, नवऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा चुलीत लाकूड सारलं. गावात आता मीच वाईट. झाडाच्या विरोधात कोण बोलतं?

दादा तुझ्यावरच्या मायेनंच करतो, हे मला कळतं, म्हणून राग जास्त येतो. परत निघताना त्यानं माझ्या हातात बादली दिली, एका रोपाला पाणी घाल म्हणाला. मी घातलं. पण माय, तुलाच सांगते, ती रोपं वाळावीत असं मला मनापासून वाटत होतं.