मामंजींचा आहार

फैजपूर
२ जानेवारी १९९२

तीर्थरूप आईस,
कुंदाचा वाकून नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. बाळ आता कुशीवर वळतो. बाबांचा खोकला कसा आहे?

मामंजी मधुमेहाच्या शिबिराला जाऊन आले. तिथल्या आहाराने त्यांची साखर खरंच उतरली. ते म्हणतात, आदिमानव धान्य खात नव्हता; म्हणून दोन महिने झाले, आमच्याही ताटात भाकरी, डाळ, दूध काही नाही. पालेभाजी, पेरू, खोबरं एवढंच. ज्वारीच्या कोठीला कुलूप आहे. हे म्हणतात, वडिलांपुढे कसं बोलू?

मला अंगावर दूध कमी येतं, पण तू काळजी करू नकोस.

काल सासूबाईंनी मला गोठ्यात बोलावलं. पदराखाली शेजारणीकडची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. "खाय माय, मी दारात उभी हाये," म्हणाल्या. मी अर्धी त्यांच्यापुढे धरली. ती त्यांनी उभ्यानेच खाल्ली आणि डोळे पुसले. मग म्हणाल्या, "माहेरी पत्र टाक. माह्या माहेरी आता कोनी नाही, तुह्या हाये."

म्हणून लिहिते. संक्रांतीला भाऊला न्यायला पाठव. आहाराबद्दल त्याने इथे अवाक्षर काढू नये. शिदोरीत चार भाकरी जास्त बांध. मी निघाले तरी सासूबाई इथेच राहणार आहेत.

तुझी,
कुंदा