पदराची गाठ

सुपा, काळी नदीकाठ
चैत्र, शके १८३४

लखू टांगेवाले यांस, देवकीचा नमस्कार.

तुम्ही लोंढ्याला रेल्वेत गेल्याला चार महिने झाले. टपालाचा टांगा अजून येतो. उतारू थांब्यावर उतरतात, होडीनं काळी ओलांडतात आणि पैलतीरी दुसरा टांगा धरतात. पण तुमचा घोडा नव्या टांगेवाल्याचं ऐकत नाही. थांब्याच्या चाळीस पावलं अलीकडे, आमच्या दारात उभा राहतो. मी आतच बसून राहते.

काल सासूबाईंनी उतारूंसमोर विचारलं, "विधवेच्या दारात ह्या घोड्याचं काय काम हाय गं?"

"तहान लागली असंल," म्हणत मी बादली घेऊन बाहेर आले. तो पाण्याला शिवला नाही. मान वाकवून माझ्या पदराची गाठ ओठांनी ओढू लागला. गाठ सुटली आणि गुळाचा खडा त्याच्या तोंडात गेला.

आपण चार शब्दसुद्धा कधी बोललो नाही. मी घोड्याला गूळ भरवायची, तेवढा वेळ तुम्ही पागोटं सावरत नदीकडे बघायचात. याहून जास्त काही नव्हतं, हे मी काळीच्या पाण्यात उभं राहून सांगितलं असतं.

सासूबाईंनी ते विचारलंच नाही. एवढंच म्हणाल्या, "टांगेवाला तर कवाच गेला. मग आज गूळ कुणासाठी बांधलास?"

हे पत्र टपालात टाकलं तर त्याच टांग्यातून, तुमचं नाव साऱ्यांना दाखवत जाईल, म्हणून टाकत नाही. आज सकाळी पुन्हा गाठ बांधली आहे.

देवकी