गाडी कोण चालवत होतं

गोराई,
३ मार्च २०२६

प्रिय मिथुन,

अनेक आशीर्वाद. तुझा पाय आता कमी दुखत असेल आणि तुझ्या आईची, राधाताईंची शुगर आटोक्यात असेल, अशी आशा करते. मुलुंडचा पत्ता तुझ्या जुन्या एसी रिपेअरिंगच्या दुकानातून मिळवला. मालकाने विचारलं, तुम्ही कोण? म्हटलं, क्लिफर्डची मम्मी. त्याने कागदावर पत्ता लिहून दिला, पण पाणीसुद्धा विचारलं नाही.

मराठी शाळेत शिकले तरी लिहायची सवय गेली आहे. अक्षराला हसू नकोस. तुम्ही दोघं माझ्या बाजाराच्या यादीलाही हसायचात.

परवा मी न्यूझीलंडला निघते आहे. ॲमांडाला एप्रिलमध्ये बाळ होणार. ती म्हणते, मम्मी, आधी डॅडी गेले, मग क्लिफर्ड गेला, आता तिथे कोणासाठी राहतेस? कायमचीच ये. मी हो म्हटलं. कोंबड्या शेजारच्या नादियाला दिल्या. आमच्या ह्यांची, तुझ्या सेबॅस्टियन अंकलची जाळी तर केव्हाच उंदरांनी खाल्ली.

काल लिटनी ठेवली होती. आमच्यात कोणी परदेशी निघालं की गावच्या क्रूसाजवळ प्रार्थना होते आणि मग उकडलेले चणे वाटतात, हे तुला सांगायला नको. अर्धे चणे तूच खायचास. सगळं गाव आलं होतं. बायका गळ्यात पडून रडल्या. नादिया सगळ्यांच्या देखत म्हणाली, "त्या पोराने वाट लावली गं तुझ्या घराची. नाहीतर तू कशाला गाव सोडलं असतंस?"

माझ्या हातात चण्यांची परात होती. मी म्हटलं, "देवाची मर्जी," आणि पुढच्या माणसाला चणे दिले.

ते पोर म्हणजे तू.

आता कामाचं लिहिते. आमच्या चर्चच्या सिमेट्रीत जागा कमी. दोन-अडीच वर्षांनी कबर उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि ती जागा दुसऱ्याला देतात. त्या वेळी घरचं माणूस लागतं. कोणीच आलं नाही तर हाडं सगळ्यांच्या सामायिक खड्ड्यात जातात. मग कोण कुठला, काही कळत नाही.

निघण्याआधी हे आपल्या हाताने करावं म्हणून मी फादरच्या मागे लागले. गेल्या महिन्यात कबर उघडली. मी स्वच्छ पांढरं कापड घेऊन उभी होते. खणणारा धोंडिराम खाली उतरला, थोडी माती काढली आणि थांबला. वर बघून म्हणाला, "बाई, अजून झालं नाही. तुम्ही बघू नका." मी बघितलं. क्लिफर्डचा निळा शर्ट बघितला. धोंडिरामने माती परत लोटली. फादर म्हणाले, आता पावसाळा जाऊ दे, नोव्हेंबरमध्ये बघू.

नोव्हेंबरमध्ये मी इथे नाही. ॲमांडा लहान बाळ घेऊन येणार नाही. नादिया येईल म्हणते, पण ती तिथे उभी राहून पुन्हा तेच बोलेल, आणि ते क्लिफर्डच्या कानावर पडू नये असं मला वाटतं. वेडेपणा आहे, पण वाटतं.

तू येशील का? तुमच्यात ही पद्धत नाही, मला माहीत आहे. काही करायचं नसतं रे. फक्त उभं राहायचं आणि विचारलं की सांगायचं, हा आमचा.

कोणत्या तोंडाने विचारते, असं तुला वाटेल. वाटायलाच पाहिजे.

क्लिफर्ड गेला त्या शनिवारी मसाला कुटणाऱ्या बाया आल्या होत्या. वर्षाचा मसाला. कुटून झाला की तो लगेच बियरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरावा लागतो, नाहीतर वास उडतो. बाटल्या आणायचं क्लिफर्डला आठवडाभर आधी सांगायला हवं होतं. मी विसरले. सकाळी सांगितलं आणि वर त्यालाच शिव्या घातल्या. तुम्ही दोघं तुझी बाइक घेऊन भाईंदरला भंगारवाल्याकडे गेलात.

मी दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला. मी म्हटलं, "बाया खोळंबल्यात, मसाल्याची माती झाली, कुठे मेलास?"

हे माझे शब्द. तो हसला. म्हणाला, "आलो गं मम्मी, उत्तन सोडलं." मी तरी फोन ठेवला नाही, बोलतच राहिले. मग बाटल्या फुटल्याचा आवाज आला. मला वाटलं, धसमुसळेपणाने पाडल्या. मी म्हटलं, "फोडल्यास ना?" आणि रागाने फोन कट केला.

दोन वर्षांत हे मी कोणाला सांगितलं नाही. ॲमांडाला नाही, कन्फेशनमध्येही नाही.

पण तुला माहीत होतं. हॉस्पिटलमध्ये तुझा पाय वर टांगला होता. पोलीस नुकतेच जाऊन आले होते. तू मला जवळ बोलावून म्हणालास, "आंटी, मी सांगितलंय की गाडी मी चालवत होतो. नाहीतर ते त्याचा फोन तपासतील. तुमचं नाव येईल." वीस-बावीस वर्षांचा तू. मी मान हलवली आणि बाहेर आले. बस, एवढंच केलं मी.

आणि दुसऱ्या दिवशी क्लिफर्डच्या अंत्यविधीला राधाताई चर्चच्या दारात फुलं घेऊन आल्या, तर सगळ्या गावासमोर मी म्हणाले, "तुझ्या पोराने माझा पोर खाल्ला." त्यांनी फुलं पायरीवर ठेवली आणि त्या परत गेल्या. ती फुलं मी आत घेऊ दिली नाहीत.

तुम्ही दोघं दोहाला जाणार होतात. या केसपायी तुझा पासपोर्ट अडकला, हे मला तुझ्या मालकाने सांगितलं. आणि माझा आला बघ. बॅगा भरून दाराशी ठेवल्या आहेत.

खरं बोलायची हिंमत आली असती तर काल क्रूसासमोर बोलले असते. सगळे समोर होते. आली नाही. परवा अशा ठिकाणी जाईन, जिथे मला कोणी काही विचारणार नाही, म्हणून आज लिहिते आहे. हा भित्रेपणा आहे आणि त्याला मी दुसरं नाव देत नाही. माफी मागत नाही. तू दिलीस तरी ती ठेवायला माझ्याकडे जागा नाही.

नोव्हेंबरचं तुझ्यावर. फादरकडे तुझं नाव आणि नंबर लिहून दिला आहे. आला नाहीस तर त्याला सामायिक खड्ड्यात ठेवतील आणि मी न्यूझीलंडला माझ्या नातवाला आंघोळ घालत असेन. तरी तुला दोष देणार नाही. तो अधिकार मी पायरीवरच घालवला.

पण खाली जे लिहिते आहे ते तुझंच आहे, तू आलास तरी आणि न आलास तरी. ते पोलिसांना दाखव, वकिलाला दाखव, हवं तर नादियाला वाचून दाखव.

१३ एप्रिल २०२४ रोजी दुपारी उत्तनच्या रस्त्यावर बाइक माझा मुलगा क्लिफर्ड चालवत होता. मिथुन मागे बसला होता. क्लिफर्ड त्या वेळी फोनवर माझ्याशी बोलत होता. फोन मी केला होता.

हे मी शुद्धीत लिहिलं आहे. खाली पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव लिहून सही करते.

पेट्रिशिया सेबॅस्टियन घोन्साल्विस
मयताची आई